टक्कर मान्य करताना

ग्रह आणि चंद्र कसे घडले, याविषयी माझं मत बदललं आहे. बदललं तेही सुखासुखी नाही, मी बरीच वर्षं अडून बसले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी माझगावच्या डोंगरावर, पाण्याच्या टाकीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात, दुर्बीण घेऊन गेलं की मुलं भोवती जमतात आणि पहिला प्रश्न चंद्राचाच असतो. हा आला कुठून? या प्रश्नाला मी पूर्वी जे उत्तर द्यायचे आणि आता जे देते, त्यांत मोठं अंतर पडलं आहे.

पूर्वीचं उत्तर मी मुंबईतूनच उचललं होतं. सात बेटं होती, माझगाव त्यांतलं एक. टेकड्या फोडून भर घातली, बांध घातले, मधल्या खाड्या बुजवल्या आणि सलग शहर उभं राहिलं. ग्रहांचंही तसंच, मी सांगायचे. सूर्याभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी होती. कणाला कण चिकटला, कणांचे खडे झाले, खड्यांचे गोळे आणि गोळ्यांचे ग्रह. चंद्र म्हणजे पृथ्वीचं पाठचं भावंड, तिच्याच शेजारी, त्याच धुळीतून वाढलेलं. मुलांना हे पटायचं, मलाही. कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये मांडलेली तेजोमेघाची कल्पना माझ्या पाठीशी होती. निर्मितीला सबुरी लागते आणि आदळआपट हे विध्वंसाचं लक्षण, असं मी मनापासून मानत होते.

या मानण्याला घरचं मूळ होतं. आमचं बिऱ्हाड ताडवाडीतल्या बीआयटी चाळीत, आजोबा गोदीत कामाला. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यांच्याबरोबर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाने दुसरा झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले, म्हणून आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आजी सांगायची, आभाळातून पेटता कापूस पडत होता आणि बायका ओल्या गोणपाटांनी तो विझवत होत्या. आजोबा रात्री उशिरा परतले. त्यांच्याबरोबर सकाळी डबा घेऊन निघालेले शेजारी परतले नाहीत. आदळण्या-फुटण्यातून काही घडतं, हे वाक्य त्या घरात कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी ते ऐकत मोठी झाले, आणि विज्ञानाची पुस्तकं वाचतानाही ते माझ्याबरोबर होतं.

म्हणून चंद्राच्या जन्माची नवी उपपत्ती पहिल्यांदा वाचली, हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत, तेव्हा मी ती झटकून टाकली. विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी १९७५ मध्ये, आणि कॅमेरॉन व वॉर्ड यांनी वेगळ्या वाटेने पुढच्याच वर्षी ती मांडली होती. पृथ्वी जवळजवळ पुरी वाढलेली असताना साधारण मंगळाएवढा एक ग्रह तिच्यावर आदळला. वितळलेला, वाफ झालेला माल उडाला, पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि त्याचा चंद्र झाला. आदळलेल्या ग्रहाला पुढे थिया हे नाव मिळालं.

माझे आक्षेप नुसते भावनेचे नव्हते. हटन आणि लायेल यांच्यापासून भूविज्ञानाने प्रलयांच्या कथा मोठ्या कष्टाने बाजूला सारल्या होत्या. डोंगर, दऱ्या, गाळाचे थर हे सगळं आज दिसणाऱ्या संथ क्रियांनीच होतं, एवढं धरून चाललं की खडक वाचता येतात, ही त्या शास्त्राची कमाई. आता कुणी म्हणावं की एकदाच, योगायोगाने, एक अजस्र टक्कर झाली आणि सगळे प्रश्न सुटले, तर ते मला सोयीचं वाटलं. शिवाय ज्या घटनेने स्वतःचेच पुरावे वितळवून टाकले, तिची शहानिशा करायची कशी?

त्याआधीची तीन मतं मला माहीत होती. त्यांतलं एक भाऊच्या धक्क्यावर उभं राहिलं की सहज समजतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, कोळ्यांचं सगळं गणित चंद्रावर बांधलेलं. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने भरती-ओहोटीचं हेच गणित फार खोलवर नेलं. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. गणित उलटं चालवलं तर चंद्र जवळ येत येत पृथ्वीला भिडतो. तेव्हा तो पृथ्वीतूनच तुटून निघाला असावा, असं त्याने १८७९ च्या सुमारास म्हटलं. चंद्र सरकतो हे खरंच आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून ते मोजलं गेलं, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. पण तुकडा फेकला जावा एवढी गिरकी पृथ्वीला असती, तर तिचा हिशेब पृथ्वी आणि चंद्र यांच्या आजच्या गतीत लागायला हवा, आणि तो लागत नाही. दुसरं मत, चंद्र परका आहे आणि पृथ्वीने त्याला वाटेत धरला. तिसरं माझं, पाठच्या भावंडाचं. त्याची अडचण लोखंडाची. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पट, चंद्राची ३.३ पट. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिच्या लोखंडी गाभ्यात आहे, तर चंद्राचा गाभा एक-दोन टक्क्यांचा. एकाच ताटात जेवलेल्या दोघांपैकी एकाच्याच वाट्याला सगळं लोखंड कसं गेलं? उत्तर नव्हतं. तरी मत सुटत नव्हतं.

ते हललं लोणारला.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बघायला लोक जातात, काठावर उभं राहून फोटो काढतात, गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहून परततात. मला एका भूवैज्ञानिक मैत्रिणीने काठ चालायला लावला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाडगा भोवतालच्या सपाट रानातून किंचित वर उचललेला आहे. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचे थर आडवे, एकावर एक, अगदी शिस्तीत असतात. सह्याद्रीचा कुठलाही कडा पाहा. लोणारच्या काठावर तेच थर बाहेरच्या बाजूला कलंडलेले आहेत, आणि काही ठिकाणी तर पुरते उलटले आहेत, खालचा थर वर आणि वरचा खाली. मैत्रीण म्हणाली, “हात लाव. हा दगड खालून वर आला आणि पालथा पडला, पण क्रम सुटला नाही.” मी पुष्कळ वेळ तिथेच बसले. स्फोटानंतर उरतो तो ढिगारा, ही माझी लहानपणापासूनची समजूत. इथे ढिगाऱ्यालाही रचना होती, आणि ती वाचता येत होती.

लोणार म्हणजे ज्वालामुखीचं मुख, असंच शंभरेक वर्षं मानलं जात होतं, आणि तसं मानणं साहजिकही होतं. सगळं पठारच ज्वालामुखीचं असताना दुसरं कारण शोधायचं कशाला? अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८९६ मध्ये लोणारची ॲरिझोनातल्या विवराशी तुलना केली आणि दोन्हींचं खापर पोटातल्या वाफेच्या, ज्वालामुखीच्या उद्रेकावर फोडलं. याच गिल्बर्टने तीन वर्षं आधी चंद्रावरची विवरं आघाताने झाली आहेत असं ठासून मांडलं होतं! वर चंद्रावर आघात मान्य, पायाखाली अमान्य. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

निकाल लागला १९७३ मध्ये. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेड्रिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, आणि मिल्टन, अशा चौघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध छापला. सरोवराच्या तळाखाली भोकं पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं होतं. फेल्डस्पार हे नेहमीचं खनिज, पण त्यातून प्रचंड दाबाची लाट गेली की त्याच्या स्फटिकाची आतली रचना मोडते आणि न वितळताच त्याची काच होते. एवढा दाब कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो देते फक्त टक्कर. (लोणारचं वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने ते ५२ हजार वर्षं निघतं, तर २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार निघालं. दहापटींहून जास्त फरक! आणि दोन्ही पद्धती आपापल्या जागी आदरणीय.)

लोणारचं महत्त्व जगभर मानलं जातं ते खडकामुळे. पृथ्वीवरची बहुतेक आघात-विवरं गाळाच्या नाहीतर ग्रॅनाइटसारख्या खडकांत आहेत. लोणार बेसॉल्टमध्ये आहे, आणि चंद्रावर आपण ज्याला ससा म्हणतो ती काळी मैदानंही बेसॉल्टचीच. अपोलोने आणलेल्या दगडांतल्या खुणा पृथ्वीवर ताडून पाहायच्या, तर लोणारसारखी दुसरी जागा सापडणं कठीण. हे कळल्यावर मी माझगावच्या डोंगराकडेही निराळ्या नजरेने पाहू लागले. मुंबईच्या टेकड्या त्याच दख्खनी ज्वालामुखीच्या पोटच्या. दुर्बिणीतून सशाचे कान दाखवताना मुलांना पायाखालच्या काळ्या दगडावर हात ठेवायला सांगते.

मग मी अपोलोचे दगड वाचायला घेतले, आणि कळलं की त्यांचा धागा आपल्याच शहरातून गेला आहे. १९६९ नंतर चंद्रावरची माती जगातल्या निवडक प्रयोगशाळांना मिळाली, त्यांत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आणि त्यांचे सहकारी त्या कणांवर रसायन घालून सूक्ष्मदर्शकाखाली वैश्विक किरणांचे माग मोजत. जड अणुकेंद्र खनिजातून घुसलं की मागे एक रेष राहते. रेषा मोजल्या की तो कण किती काळ उघड्यावर पडून होता आणि किती काळ गाडलेला, ते कळतं. त्यातून दिसलं ते हे, की चंद्राची माती बारीकसारीक आघातांनी अखंड खालीवर होत आली आहे. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. त्याच गटातले व्ही. एस. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे कितीदा तरी गेले असेन. चंद्राची माती ज्यांनी हाताळली, त्यांच्या घुमटाखाली बसून मी पाठच्या भावंडाची गोष्ट सांगत होते.

अपोलो ११ च्या मातीत थोडे पांढरे कण होते. जॉन वुड आणि इतर काहींनी ते ओळखले. ते ॲनॉर्थोसाइट होतं, म्हणजे हलक्या फेल्डस्पारचा खडक. १९७० मध्ये त्यांनी त्यावरून धाडसी अनुमान काढलं. चंद्र एके काळी वरून शेकडो किलोमीटर खोलपर्यंत वितळलेला असणार, जड खनिजं बुडाली आणि हलकं फेल्डस्पार तरंगून वर आलं, त्याचंच हे पांढरं कवच. आपल्याला चंद्राचा उजळ भाग दिसतो तो हा.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते इथे. धुळीचा कण कणावर अलगद बसत गेला, तर एवढी उष्णता येणार कुठून? पोटातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची थोडीफार येते, पण सबंध चंद्राचा लाव्हारसाचा समुद्र व्हायचा तर जन्मच भट्टीत झाला पाहिजे. पृथ्वीचंही तेच. मोठमोठ्या टकरींच्या उष्णतेने ती वितळली, म्हणूनच लोखंड खाली उतरून तिचा गाभा झाला. त्या गाभ्याच्या वितळलेल्या भागातून आपलं चुंबकीय क्षेत्र येतं. टकरी नसत्या तर पृथ्वी म्हणजे नुसती दगड आणि लोखंडाची सरमिसळ राहिली असती. निवड आणि मांडणी आघाताने केली. बेटं जोडण्याच्या माझ्या उपमेत याला जागाच नव्हती. भरावातली माती जशी टाकली तशीच राहते.

मी एकटीच अडून बसले होते असंही नाही. १९८४ च्या ऑक्टोबरात हवाई बेटावरच्या कोना इथे चंद्राच्या उत्पत्तीवर परिषद झाली. जाताना मोठ्या टकरीच्या बाजूने मोजकेच होते. परतताना बहुतेक जण त्या बाजूला आले होते, कारण बाकीची तिन्ही मतं लोखंडाच्या आणि गतीच्या हिशेबात टिकेनात.

मग २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. माझगावात त्या संध्याकाळी फटाके वाजले. माझं लक्ष त्याच्या प्रज्ञान या बग्गीवरच्या एका छोट्या उपकरणाकडे होतं, मातीवर किरण टाकून तिच्यातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या. साधारण शंभर मीटरच्या वाटेवर त्याने २३ ठिकाणी माती तपासली. वर्षभराने, ऑगस्ट २०२४ मध्ये, अहमदाबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. तिथेही तोच पांढरा खडक होता, ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, जिथे आधी कुणीच उतरलं नव्हतं. अपोलोचे दगड चंद्राच्या विषुववृत्ताजवळचे, त्यामुळे लाव्हारसाचा तो समुद्र सगळीकडे होता की नाही ही शंका उरली होती. ती बरीच फिटली. मॅग्नेशियम मात्र अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. जवळच दक्षिण ध्रुव-एटकेन नावाचं सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीचं खोरं आहे, तेही आघाताचंच. त्या आघाताने खोलातला माल उपसून इथवर उधळला असावा, असं लेखकांनी म्हटलं आहे. म्हणजे पुन्हा लोणारच्या काठाचीच गोष्ट, अवाढव्य मापावर.

तरीही माझी जुनी बाजू मी पुरती सोडलेली नाही, आणि हे हट्टापायी नाही. १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या ॲरोकॉथ या गोळ्याजवळून गेलं. दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, आणि सांध्यावर ना तडा ना चेपणं. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने ते एकत्र आले असावेत. धूळ आणि खडे यांचे थवे स्वतःच्याच गुरुत्वाने आकसून असे गोळे अलगद बनतात, हे गणितही आता पक्कं होत आलं आहे. म्हणजे सुरुवातीला सबुरी होती. गोळे वाढले, त्यांचं गुरुत्व वाढलं, वेग वाढले, आणि मग टकरींचं युग आलं. माझ्या पूर्वीच्या उत्तरात पहिलं प्रकरण बरोबर होतं. मी पुढची प्रकरणं वाचायला नकार देत होते.

त्या युगाचे तुकडे अजूनही आपल्या अंगणात पडतात. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात उल्कापाषाण पडले. त्यांच्यात खरगपूरच्या आयआयटीतल्या सुजय घोष आणि सहकाऱ्यांना ब्रिजमनाइट सापडलं, निबंध २०२१ चा. हे पृथ्वीतलं सर्वांत मुबलक खनिज आहे आणि तरी ते कुणाला खणून काढता येत नाही, कारण ते ६६० किलोमीटरांखाली असतं. काटोलच्या दगडात ते तयार झालं अवकाशातल्या टकरीच्या दाबाने. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते विदर्भातल्या शेतात पडलेल्या दगडाने दाखवलं, आणि दाखवू शकला कारण त्याने मार खाल्ला होता. आजोबा असते तर त्यांना हे कसं सांगितलं असतं, याचा मी विचार करते. गोदीतला स्फोट निर्मिती नव्हता, आणि त्याला कधीही तसं म्हणणार नाही. माणसांवर कोसळलेल्या संकटाला विश्वाच्या गणिताने सुसह्य करायचं नसतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मला इतकी वर्षं लागली.

मोठी टक्कर मान्य केली, तरी तिच्यातली एक अडचण मला सारखी खुपते. पृथ्वीच्या आणि चंद्राच्या दगडांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण जवळजवळ एकसारखं आहे. थिया परकी असेल, तर चंद्रात तिची वेगळी खूण दिसायला हवी. काही जण म्हणतात, आघात इतका जबर होता की दोन्ही ग्रहांची वाफ होऊन सगळं घुसळून निघालं. काही म्हणतात, थिया पृथ्वीच्या शेजारच्याच मालातून घडली होती. २०२३ मध्ये एका गटाने तर आफ्रिका आणि पॅसिफिकच्या खाली, पृथ्वीच्या गाभ्यालगत असलेले दोन अजस्र जड ढीग हे थियाचेच अवशेष आहेत, असं मांडलं. कल्पना मोहक आहे, पण ती संगणकातल्या प्रतिकृतीवर उभी आहे. तिथला दगड हाती येणार नाही, आणि मी दगडांनी पटलेली बाई आहे. तिथवर मी अजून गेलेली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ते चंद्रावरचे नमुने परत आणणार आहे. त्यांत खोलातून उपसला गेलेला खडक असावा, कवचाखालचा, एवढीच माझी इच्छा. त्यातला ऑक्सिजन पृथ्वीपेक्षा थोडा जरी वेगळा निघाला तर थियाचा वाटा हाती लागेल. तोही हुबेहूब सारखाच निघाला, तर मोठ्या टकरीचं गणित पुन्हा मांडायला बसावं लागेल, आणि डोंगरावरच्या मुलांना द्यायचं उत्तरही. त्याला माझी तयारी आहे.